गोटीची वाट आणि गडाची वाट

गोटा या शब्दाचें लहान रूप म्हणजे गोटी. नदीच्या पात्रांत घासून घासून वाटोळा झालेला दगड तो गोटा, आणि तोच मुलाच्या मुठींत मावण्याइतका लहान असला कीं ती गोटी. कांचेची गोटी बाजारांत येण्यापूर्वीं मुलें कशाशीं खेळत असतील, हें भाषेनेंच असें नोंदवून ठेविलें आहे. नीरेच्या किंवा गुंजवणीच्या कांठीं वाढलेल्या मुलाला हा खेळ शिकविण्यास गुरु लागत नाहीं. उतारावर वाटोळी वस्तु ठेवली कीं ती आपोआप चालूं लागते, आणि जें आपोआप चालतें तें बालकाला जिवंत वाटतें. जर्मनींतील शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लँकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली. तिलाच पुढें 'किंडरगार्टन' हें नांव पडलें. मुलाच्या हातीं क्रमाक्रमानें द्यावयाच्या ज्या वस्तु त्यानें योजिल्या, त्यांत पहिला मान लोकरीच्या चेंडूला दिला होता. आपल्याकडील आयांनीं तोच मान तान्ह्याच्या खुळखुळ्याला दिलेला आहे. परंतु मूल चालूं लागलें कीं खुळखुळा मागें पडतो आणि वाटोळ्या वस्तूचें राज्य सुरू होतें.

गोट्यांचे खेळ पुष्कळ आहेत. रिंगणांतील गोटी नेम धरून उडवावयाची, गलींत गोटी घालावयाची, हे सारे नेमाचे खेळ. परंतु दुसरा एक खेळ असा आहे कीं, त्यांत गोटीला कोणी टोला मारीत नाहीं. उथळ पेटींत आडव्यातिडव्या भिंती उभारलेल्या असतात, त्यांच्यामधून वांकडीतिकडी वाट गेलेली असते, आणि पेटी हलकेच कलती करीत गोटीला एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत न्यावयाचें असतें. घाई केली कीं गोटी आंधळ्या गल्लींत शिरते. रागावून पेटी हिसकली कीं ती आरंभाच्या जागीं परत येते. याला गोटीचा भुलभुलय्या म्हणतात. जुन्या वळणाचा शब्द हवा असेल तर गोटीचा व्यूह म्हणावें.

हें खेळणें विलायतेहून आलें असा शहरांतील सुशिक्षित घरांचा सामान्य समज असतो. तो खरा नाहीं. सिंधु नदीच्या कांठीं मोहेंजोदडो येथें १९२२ सालीं राखालदास बॅनर्जी यांनीं उत्खननास प्रारंभ केला, आणि पुढील दहा वर्षांत सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींचें एक संपूर्ण नगर उजेडांत आलें. तेथील रस्ते, विहिरी, स्नानकुंड यांची वर्णनें शालेय पुस्तकांत आलीं. खेळण्यांकडे मात्र फारसें कोणी पाहिलें नाहीं. वास्तविक त्या नगरांतील मुलांपाशीं भाजलेल्या मातीच्या बैलगाड्या होत्या, पक्ष्यांच्या आकाराच्या शिट्या होत्या, मान हलविणारे बैल होते, आणि दगडाच्या व मातीच्या लहानलहान गोट्याही होत्या. त्या खेळण्यांतच भाजलेल्या मातीची अशी एक चकती आहे कीं, तिच्यावर उंचवट्यांच्या भिंती असून मधून अरुंद वाट वळणें घेत जाते. त्या वाटेंतून बारीक गोटी फिरवावयाची, असाच तिचा उपयोग अभ्यासकांनीं सांगितला आहे. ज्या कुंभारानें ती केली त्याला मुलाच्या तळहाताचें माप ठाऊक होतें. राजेलोकांच्या नांवांचा पत्ता ज्या नगरांत लागत नाहीं, तेथील एका मुलाचा खेळ मात्र जसाचा तसा हातीं लागावा, ही इतिहासाची एक गंमतच म्हटली पाहिजे.

वळणांच्या वाटेचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद मनांत ठेविल्यावांचून पुढील विवेचन नीट उमजणार नाहीं. पहिल्या प्रकारांत वाट एकच असते. ती कितीही वेढे घेवो, चालणारा चुकूं शकत नाहीं. त्याला फक्त धीर लागतो. दुसऱ्या प्रकारांत वाटेला फांटे फुटतात, कांहीं फांटे भिंतीशीं जाऊन थांबतात, आणि चालणाऱ्याला निवड करावी लागते. प्राचीन जगांत पहिला प्रकारच बहुधा आढळतो. क्रीट बेटावरील नोसस नगराच्या चांदीच्या नाण्यांवर जो व्यूह कोरलेला आहे तो या एकमार्गी जातीचा. आपल्याकडे चक्रव्यूह म्हटलें कीं अभिमन्यूची आठवण होते. कर्नाटकांत हळेबीड येथील होयसळेश्वराच्या देवळावर, बाराव्या शतकांतील शिल्पपट्टींत, अभिमन्यूचा हा प्रसंग कोरलेला असून तेथें व्यूह वेढ्यावेढ्यांच्या वाटेच्या रूपानें दाखविला आहे. गोमंतकांत रिवण गांवाजवळ कुशावती नदीच्या कांठीं, पणसायमळ येथील जांभ्या खडकावर बैल, हरिणें आणि माणसें यांच्या जोडीला वर्तुळांत वर्तुळें गुंफलेली एक आकृति खोदलेली आहे. ती अतिप्राचीन असून १९९३ सालानंतर अभ्यासकांच्या दृष्टीस आली. सोलापूरजवळ बोरामणीच्या माळावर दगड मांडून केलेला वर्तुळाकार व्यूह तर पंधरा वेढ्यांचा आहे. सारांश, वळणाच्या वाटेचें कौतुक या देशाला नवें नव्हे.

भोर आणि वेल्हे या तालुक्यांत मात्र वळणाची वाट हें कौतुक नसून नित्याचा व्यवहार आहे. पुणें जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या रांगांत हा मुलूख वसलेला आहे. येथें दोन गांवांमधील अंतर कावळ्याच्या पंखांनीं मोजलें तर थोडें, आणि माणसाच्या पायांनीं मोजलें तर दुप्पट तिप्पट भरतें. भोर संस्थान १९४८ सालच्या मार्च महिन्याच्या ८ तारखेस मुंबई प्रांतांत विलीन झालें. तोंपर्यंत यांतील बहुतेक प्रदेश पंतसचिवांच्या अमलाखालीं होता. संस्थानाच्या पांच तालुक्यांचीं नांवें पाहण्याजोगीं आहेत: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. पांचांपैकीं चार नांवें किल्ल्यांचीं. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. कारभाराची वाटणी करतांनाही ज्या प्रदेशांत गडच मोजले जातात, तेथील मुलांनीं मातीचे गड केले नसते तरच नवल. वेल्हे तालुक्याला राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य शासनानें २०२४ सालीं घेतला. तें नांव नवें नसून संस्थानी दप्तरांतलेंच आहे, एवढें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां या गडांच्या वाटा पाहूं लागलें म्हणजे मोहेंजोदडोच्या त्या चकतीची आठवण पदोपदीं होते. भोरपासून दोन अडीच कोसांवर रोहिडा उभा आहे. चढून गेल्यावर एकामागून एक तीन दरवाजे लागतात, आणि ते एका रेषेंत नाहींत. पहिल्यांतून आंत शिरलेल्या माणसाला वळावें लागतें, पायऱ्या चढाव्या लागतात, पुन्हां वळावें लागतें. तिसऱ्या दरवाज्यावर मराठी व फारशी लेख असून विजापूरच्या महंमद आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६५६ सालीं, येथें दुरुस्ती झाल्याचें त्यावरून कळतें. दरवाजे सरळ रेषेंत न ठेवण्याचें कारण उघड आहे. त्या काळीं हत्तीच्या धडकेनें दरवाजा फोडीत. हत्तीला धांव घेण्यास सरळ जागा लागते. वाट दरवाज्यासमोरच मोडली कीं हत्तीचा जोर मोडला. गोटीचा वेगही असाच वळणावर मरतो.

राजगडाची गोष्ट याहून मोठी. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजीमहाराजांनीं हा गड बांधला आणि सुमारें पंचवीस वर्षें तेथून राज्य चालविलें. सईबाईंचा अंत १६५९ सालीं येथें झाला. राजाराममहाराजांचा जन्म १६७० च्या फेब्रुवारींत येथेंच झाला. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत २३ किल्ले मोंगलांस द्यावे लागले, तेव्हां जे १२ किल्ले महाराजांनीं आपणापाशीं राखिले त्यांत राजगड आणि तोरणा होते. गडाचें अंग मोठें चमत्कारिक आहे. मध्यें उभ्या कड्यांचा बालेकिल्ला, आणि त्याच्यापासून तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या. पाली गांवाकडून येणारी वाट प्रशस्त, तिच्यावर एकापुढें एक असे दोन दरवाजे. गुंजवणे गांवाकडील बाजूस दरवाज्यांची तिहेरी मालिका. शिवाय पद्मावती तळ्यापाशीं निघणारी चोरदरवाज्याची चिंचोळी वाट ती निराळीच.

परंतु व्यूहाची खरी कमाल पाहावयाची तर संजीवनी माचीवर गेलें पाहिजे. ही माची सुमारें अडीच किलोमीटर लांब असून तीन टप्प्यांनीं उतरत गेलेली आहे. तिचा तट दुहेरी आहे. बाहेरच्या तटांतून शत्रु आंत आलाच, तर दोन तटांच्या मधील अरुंद बोळांत तो सांपडतो, आणि आंतील तटावरून त्याच्यावर मारा होतो. बुरुजांनाही असेंच बाहेरून दुसऱ्या बुरुजाचें चिलखत चढविलेलें आहे. एका बुरुजांतून दुसऱ्यांत उतरण्यास अंधाऱ्या, अरुंद पायऱ्या आहेत, आणि परक्या माणसाला तेथें दिवसाढवळ्याही चांचपडावें लागतें. बांधणाऱ्यानें तट रुंद करण्यापेक्षां वाट अवघड करण्यावर भर दिला. पैसा थोडा आणि डोंगर मोठा, अशा राज्याला हेंच शहाणपण शोभणारें होतें. २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशांत समावेश केला. त्यांत राजगड आहे; तोरणा आणि रोहिडा नाहींत.

या बांधणीमागें केवळ गवंड्याची हातोटी नव्हती, विचार होता. आणि तो लिहून ठेविलेला आहे. रामचंद्रपंत अमात्य यांचें 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचें. त्यांतील दुर्गांच्या प्रकरणांत गडाचा दरवाजा कसा असावा याविषयीं स्पष्ट सांगितलें आहे. खालून होणारा मारा दरवाज्यास लागूं नये. दरवाज्यापुढें बुरूज असावे. येणारी जाणारी वाट त्या बुरुजांच्या माऱ्याखालीं असावी. एकच दरवाजा असणें हा गडाचा मोठा दोष, म्हणून दोन तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्या, आणि त्यांपैकीं नित्य रहदारीस लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्या. गडावर जाणारी वाट सुगम असूं नये, हाही त्यांत विचार आहे. कागद घेऊन कोणी अमात्यांचा हा उपदेश रेखाटावयास बसला, तर जें चित्र उतरेल तें गोटीच्या व्यूहाचेंच असेल: एक खरी वाट, दोन बुजलेल्या, एक गुप्त, आणि प्रत्येक वळणावर पाहारा.

तरीही व्यूह कितीही कुशल असला तरी त्याचा एक नियम दोन्ही पक्षांनीं मानावा लागतो: चालणाऱ्यानें वाटेनेंच चाललें पाहिजे. हा नियम जो मानीत नाहीं त्याच्यापुढें दरवाज्यांची सारी हिकमत फुकट जाते. १७०४ सालीं तोरण्यावर नेमकें हेंच घडलें. औरंगजेब त्या वेळीं ऐंशी वर्षांच्या पुढें गेला होता आणि एकेक किल्ला घेत सह्याद्रींत फिरत होता. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत राजगड त्याच्या हातीं आला, आणि लगेच मोंगल सैन्यानें शेजारच्या तोरण्याला वेढा घातला. त्या काळांत बादशहानें घेतलेले बहुतेक गड वाटाघाटींनीं आणि द्रव्य देऊन मिळविलेले होते. तोरणा मात्र लढून घेतला गेला. मार्च महिन्यांतील एका रात्रीं अमानुल्लाखान थोडे निवडक लोक बरोबर घेऊन दोरांच्या शिडीनें कडा चढून गेला, आणि दरवाज्याचीं वळणें ज्याची वाट पाहत होतीं तो शत्रु दरवाज्याकडे फिरकलाच नाहीं. बादशहानें गडाला 'फुतूहुल्घैब' म्हणजे दैवी विजय असें नांव दिलें. नांव फार दिवस टिकलें नाहीं. चार वर्षांच्या आंत राजगड आणि तोरणा हे दोन्ही गड पुन्हां मराठ्यांकडे आले. सरळ इतिहासांत या प्रसंगाला चार ओळी मिळतात. पण गडाच्या बांधणीचा विचार करणाऱ्यानें त्याच्यापाशीं थांबलें पाहिजे, कारण भिंतीची उंची आणि वाटेचें वळण यांपैकीं कोणत्या गोष्टीवर विसंबावें, हा प्रश्न तेथें रोख उभा राहतो.

पश्चिमेकडे या खेळण्याचें पुनरुज्जीवन बरेंच उशिरा झालें. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील वेव्हर्ली गांवीं चार्ल्स क्रँडॉल नांवाचा खेळणीं करणारा होता. १८८९ सालीं त्यानें एक वाटोळी डबी बाजारांत आणली. एकांत एक अशीं कडीं, प्रत्येक कड्याला एकेक फट, आणि मध्यभागीं एक खुराडा. गोट्या म्हणजे डुकरें समजावयाची आणि तीं सारीं एकाच वेळीं खुराड्यांत घालावयाचीं. या डबीनें मोठ्या माणसांनाही असें वेड लावलें कीं, वॉशिंग्टनच्या सिनेटचे सभासद कामकाज सोडून ती हलवीत बसल्याची हकीकत सांगतात. पुढें स्वीडनमध्यें ब्रिओ या कारखान्यानें १९४६ सालीं लांकडी पेटीचा भुलभुलय्या काढला. त्यांत बाजूच्या दोन मुठी फिरविल्या कीं पेटीचा पृष्ठभाग दोन दिशांना कलतो, आणि वाटेंत जागोजाग भोंकें असून गोटी त्यांत पडूं द्यावयाची नसते. हल्लीं दुकानांतून प्लॅस्टिकचे जे प्रकार मिळतात ते याच दोन खेळण्यांचे वंशज होत. ते वाईट आहेत असें नाहीं. परंतु तयार व्यूहांत मुलाच्या वांट्याला अर्धाच खेळ येतो, कारण वाट कोणी दुसऱ्यानेंच योजून ठेविलेली असते.

कांचेच्या गोटीचाही वृत्तांत येथेंच सांगून टाकावा. लंडनच्या हायरम कॉड यानें १८७२ च्या सुमारास सोड्याच्या बाटलीच्या गळ्यांत कांचेची गोटी बसविण्याची युक्ति काढली. वायूच्या दाबानें गोटी वर चिकटते आणि बाटली बंद होते. त्या बाटल्या हिंदुस्थानांत आल्या, आणि फुटलेल्या बाटलींतील हिरवट गोटी मिळविणें हा पिढ्यान्पिढ्या मुलांचा उद्योग होऊन बसला. पुढें अमेरिकेंत मार्टिन ख्रिस्तेनसेन यानें १९०५ सालीं गोट्या घडविण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि गोटी स्वस्त झाली.

स्वस्त आणि हातचीं साधनें यांचा शिक्षणाशीं संबंध जोडण्याचें मोठें कार्य महाराष्ट्रांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं केलें. गिजुभाई बधेका यांच्यासह ताराबाईंनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम सुरू झालें आणि १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मादाम मॉन्टेसरींचीं साधनें सुंदर खरीं, परंतु तीं खेड्याला परवडणारीं नव्हतीं. म्हणून शंख, शिंपले, बिया, पानें, खडे यांतूनच शिक्षणाचें साहित्य उभें करण्यांत आलें. पुढें पुण्यास आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत अरविंद गुप्ता यांनीं टाकाऊ वस्तूंपासून खेळणीं करून दाखविण्याचा जो उपक्रम वर्षानुवर्षें चालविला, तोही याच वाटेवरचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही लहान वयांतील शिक्षण खेळांतून व्हावें असा आग्रह धरला आहे. धोरण पोंचण्याच्या पुष्कळ आधीं भोरच्या आळींत आणि वेल्ह्याच्या वाडीवस्तींत मुलांनीं आपली शाळा दर दिवाळींत अंगणांतच भरविलेली होती.

दिवाळींतला किल्ला हीच ती शाळा. दगडविटांचा ढीग, त्यावर जुनें पोतें, पोत्यावर चिखल, चिखलावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, शिखरावर सिंहासनाधिष्ठित महाराज आणि पायथ्याशीं मातीचे मावळे. शहरांतील मुलाला असा किल्ला पुस्तकांतून किंवा चित्रांतून उचलावा लागतो. येथील मुलाला मान वर करून पाहिलें तरी पुरे. परंतु बहुतेक किल्ल्यांत एक वैगुण्य राहतें. तट होतो, बुरूज होतात, तळें होतें, आणि वाट मात्र चुन्याच्या किंवा रांगोळीच्या रेघेनें नुसती दाखविली जाते. वस्तुतः वाट हाच गडाचा प्राण. ती खरी आहे कीं नाहीं हें पाहण्यास मावळ्याच्या मातीच्या पुतळ्याचा उपयोग नाहीं, कारण तो चालत नाहीं. गोटी चालते. बालेकिल्ल्यावरून सोडलेली गोटी दोन दरवाज्यांतून, माचीच्या बोळांतून वळत वळत पायथ्याच्या गांवांत येऊन थांबली, तर वाट खरी.

असा व्यूह लहान मुलांकडून करवून घ्यावयाचा, तर एकदम किल्ल्यावर जाऊं नये. प्रथम खोक्याचें पुठ्ठ्याचें झाकण घ्यावें. चार पांच वर्षांच्या मुलाला त्यांत बोटानें वाट काढावयास सांगावी; झाकणांत वाळूचा पातळ थर पसरला असतां हें सोपें जातें, आणि रेघ पुसून पुन्हां काढतां येते. मूल बहुधा नागमोडी वाटच काढतें. ती एकमार्गी असते, आणि त्या वयाला तीच योग्य. फांटे व आंधळ्या गल्ल्या सहा सात वर्षांच्या मुलानें कराव्या, भोंकें त्यानंतर. वाट ठरली म्हणजे वाळू काढून ती खडूनें झाकणाच्या तळावर उतरवावी, आणि मग भिंती. कुंभाराकडची माती उत्तम. तिच्या करंगळीएवढ्या वळ्या दोन्ही तळहातांमध्यें लांबवून रेघांवर बसवावयाच्या असतात, आणि हें काम मुलें इतक्या तल्लीनतेनें करतात कीं जेवणाची हांक ऐकूं येत नाहीं. नुसती माती वाळतांना आक्रसते व तिला तडे जातात. म्हणून तींत बारीक चाळलेलें भाताचें तूस किंवा थोडी राख मिसळावी, आणि झाकण सावलींत दोन तीन दिवस ठेवावें. माती नसेल तर पुठ्ठ्याच्या पट्ट्या काटकोनांत दुमडून खळीनें चिकटवाव्या, किंवा बांबूच्या कामट्या बसवाव्या. भोरच्या पूर्वेकडील भागांत ज्वारीच्या ताटांच्या गाभ्याचाही उपयोग होतो. त्याच गाभ्याच्या बैलगाड्या मुलें करतात.

मापाकडे मोठ्या माणसानें लक्ष द्यावें. बाजारांतील नेहमींची गोटी सुमारें १६ मिलिमीटर व्यासाची असते. तिला वाट २५ मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण एक इंच, असावी. याहून अरुंद वाटेंत गोटी वळणावर अडते, आणि फार रुंद वाटेंत खेळाची लज्जत जाते. भिंत गोटीच्या निम्म्याहून उंच हवी. काडेपेटीचें कवच दरवाजा म्हणून शोभतें, परंतु त्यांतून ही गोटी बहुधा जात नाहीं. पुठ्ठ्याची कमान कापून लावावी. तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं गोटी मुळींच देऊं नये, कारण तें ती तोंडांत घालतें. त्यानें वळ्या वळाव्या आणि भावंडांचा खेळ पाहावा.

झाकणाचा व्यूह साधला कीं किल्ल्यावर यावें. येथें पेटी कलती करावी लागत नाहीं, डोंगरच कलता असतो. शिखरापासून पायथ्यापर्यंत ओल्या चिखलांत पन्हळ कोरावी. उतार सर्वत्र थोडाथोडा ठेवावा, एकदम कडा करूं नये. पन्हळीला शेणमातीनें सारवून ती वाळूं दिली म्हणजे गोटी खरखरीत मातीला अडत नाहीं. रोहिड्याचे तीन दरवाजे करावयाचे असतील तर प्रत्येक दरवाज्याआधीं एक वळण हवें, आणि संजीवनी माची करावयाची असेल तर दोन तटांच्या मधून वाट न्यावी लागते. मोठी मुलें येथें भांडतात. पाली दरवाज्याची वाट कोणत्या अंगास, गुंजवण्याची कोणत्या, अळू दरवाजा संजीवनीच्या आरंभीं कीं शेवटीं, यावरून वाद माजतो, आणि तो मिटविण्यास बहुधा घरांतील वडील माणसालाही गडाचा नकाशा काढून पाहावा लागतो.

वळणाच्या बाहेरच्या अंगाचा तट नेहमीं आंतल्या अंगापेक्षां उंच ठेवावा लागतो. हें कोणी आधीं सांगूं नये. तट ठेंगणा राहिला कीं वेगानें आलेली गोटी वळत नाहीं. ती तटावरून उडी घेते आणि दरवाजे, बोळ, माची सारें मागें टाकून एकदम खालच्या अळिवांत जाऊन पडते. अमानुल्लाखानाची आणि दोरांच्या शिडीची हकीकत मुलाला सांगावयाची ती या वेळीं. ती ऐकून झाल्यावर मूल आपण होऊन मातीची आणखी एक वळी करतें आणि त्या वळणावर चढवितें.